नऊ महिन्यांचे मालिश आणि दहा मिनिटांची सळई: रत्नागिरीतील एका नेत्ररुग्णालयाचा अनुभव

आमच्या मुलीचे दोन्ही डोळे ती तीन आठवड्यांची झाल्यापासून गळत होते. सकाळी पापण्या पिवळ्या चिपडांनी अशा चिकटलेल्या असत की, उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसून घेतल्याशिवाय तिला डोळा उघडता येत नसे, आणि ती हसत-खेळत असतानाही खालच्या पापणीच्या काठावर पाणी तरारून गालावर ओघळत असे. आज ती सव्वादोन वर्षांची आहे. डोळ्यांतले अश्रू नाकात नेणारी नळी तिला दोन्हीकडे जन्मतःच बंद होती. डावा डोळा केवळ मालिशने मोकळा झाला, उजव्याच्या नळीत वर्षभरानंतर भूल देऊन ती उघडणारी बारीक सळई घालावी लागली, आणि हे दोन्ही उपचार रत्नागिरी शहरातील एकाच नेत्ररुग्णालयाच्या लहान मुलांच्या विभागात झाले. त्या विभागाच्या सेवेविषयी मी येथे लिहीत आहे.

रुग्णालयाचे नाव देण्याचे मी टाळले आहे, कारण या लेखात कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत आणि त्या एका घरच्या अनुभवावरच्या आहेत. नावापेक्षा, अशा बाळाला घेऊन आपण कोठेही गेलो तरी तेथे काय काय व्हायला हवे हे आईवडिलांना ठाऊक असणे मला अधिक गरजेचे वाटते. मला ते ठाऊक नव्हते, म्हणून माझ्या मुलीचे पहिले तीन महिने वाया गेले.

मुलगी जूनमध्ये, ऐन पावसात झाली. आमचे घर पूर्णगडाजवळ आहे. पावसाळ्यात घरात सगळीकडे ओल, दुपट्यांनाही वास, त्यामुळे सुरुवातीला डोळे आले असावेत असेच सर्वांना वाटले. शेजारच्या बायकांनी जे सांगितले ते कोकणातल्या बहुतेक बाळंतिणींनी ऐकले असेल: आईच्या दुधाचे दोन थेंब डोळ्यांत पिळावेत, पापणीला एरंडेल लावावे, घरी धरलेले काजळ घालावे. दुधाचा प्रयोग मी चार दिवस केलाही. बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटीला आमच्या आशाताई आल्या तेव्हा त्यांनी तो बंद करायला लावला आणि डोळ्यांत काहीही न घालता डॉक्टरांना दाखवायला सांगितले. बाळाचा डोळा स्वच्छ राहिला पाहिजे आणि दूध हे जंतूंचे खाद्य आहे. काजळात काजळीचे कण असतात आणि काही काजळांत शिसेही सापडते. या गोष्टी मला नंतर समजल्या, पण आशाताईंचे ते एक वाक्य वेळेवर आले याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

ज्या दवाखान्यात आम्ही प्रथम गेलो तेथे थेंबांची बाटली मिळाली. आठवड्यात चिपडे कमी झाली, थेंब थांबवताच परत आली, दुसरी बाटली मिळाली, मग तिसरी. दिलेले औषध चुकीचे होते असे मी म्हणणार नाही, कारण डोळ्यातून पू येत असेल तेव्हा प्रतिजैविकाचे थेंब लागतातच. माझी तक्रार एवढीच आहे की थेंब पू कमी करतात, बंद नळी उघडत नाहीत, हे आम्हाला तेथे कोणीही सांगितले नाही आणि मालिश हा शब्दसुद्धा निघाला नाही. तो शब्द मी प्रथम ऐकला चौदाव्या आठवड्याच्या लसीला, उपकेंद्रात. मुलीचा गाल पुसत असताना आरोग्यसेविकेने विचारले, "ताई, नाकाच्या कडेचं मालिश शिकवलंय का तुम्हाला कोणी?" आणि मी नाही म्हटल्यावर तिने रत्नागिरीच्या या रुग्णालयाकडे बोट दाखवले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गेलो. पूर्णगडाहून पावस, गोळप करीत भाट्याचा पूल ओलांडेपर्यंत एसटीने चांगला तास जातो, आणि दहाला पोचूनही आमचा नंबर साडेबाराला लागला. लहान मुलांची तपासणी तेथे आठवड्यातून दोनच दिवस असते, त्यामुळे त्या दिवशी मोतीबिंदूच्या वृद्धांबरोबर कडेवरच्या बाळांचीही गर्दी होते. अंगावर पाजण्यासाठी आडोसा नाही. मी जिन्याखालच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून पाजले. बाळांसाठी ठरवलेल्या दिवशी तरी एक पडदा आणि एक खुर्ची एवढी सोय करणे रुग्णालयाला अवघड नाही.

मात्र तपासणीच्या खोलीत शिरल्यानंतरच्या पाऊण तासाबद्दल मला मनापासून लिहायचे आहे.

डॉक्टर मॅडमनी प्रथम डोळ्यांतल्या पाण्याकडे पाहिलेच नाही. त्यांनी खोलीतला दिवा कमी-जास्त करून मुलगी उजेडाला डोळे घट्ट मिटते का ते पाहिले, दोन्ही बुबुळांचा आकार मोजला आणि बुबुळ धुरकट तर नाही ना हे बॅटरीने तपासले. बाळाच्या डोळ्याला पाणी येण्याचे कारण प्रत्येक वेळी बंद नळी हेच नसते. जन्मजात काचबिंदूतही डोळे पाणावतात, पण त्यात बाळाला उजेड सोसत नाही, बुबुळ मोठे आणि धुरकट दिसू लागते आणि तेथे थांबणे म्हणजे दृष्टी गमावणे असते. आधीच्या दवाखान्यात तीन भेटींत एकदाही ही तपासणी झाली नव्हती, हे कळल्यावर मला मागे वळून भीती वाटली. त्यानंतर मॅडमनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली, नाकाच्या हाडाला लागून, करंगळीने हलका दाब दिला आणि खालच्या पापणीच्या टोकाशी असलेल्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून मोहरीएवढा पिवळा थेंब वर आला. "हा थेंब खाली नाकात जायला हवा होता, तो उलटा वर आला," असे त्या म्हणाल्या. मग दोन्ही डोळ्यांत पिवळ्या रंगाच्या औषधाचा एकेक थेंब घालून त्यांनी पाच मिनिटे थांबायला सांगितले आणि निळ्या उजेडात पाहिले. नळी मोकळी असती तर एवढ्या वेळात रंग बराचसा निघून गेला असता. आमच्या मुलीच्या दोन्ही डोळ्यांत तो तसाच हिरवट चमकत राहिला होता.

केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी चित्र काढून समजावले. अश्रू डोळ्याच्या वरच्या बाहेरच्या बाजूच्या ग्रंथीत तयार होतात, डोळ्यावरून वाहत आतल्या कोपऱ्याकडे येतात, तेथे वरच्या आणि खालच्या पापणीला असलेल्या दोन बारीक छिद्रांतून आत शिरतात, नाकाच्या मुळाशी असलेल्या अश्रुपिशवीत जमतात आणि तेथून एका नळीने नाकात उतरतात. रडताना नाक वाहते ते यामुळेच. गर्भात ही नळी तयार होते तेव्हा तिच्या नाकातल्या टोकाशी एक पातळ पडदा असतो, तो बहुतेक बाळांत जन्माच्या आसपास आपोआप उघडतो आणि काही बाळांत उघडायचा राहतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळाला अश्रूच फार कमी असतात, म्हणून दोष जन्मापासूनचा असूनही गळणे नंतर दिसू लागते. "तुमच्या वाडीतल्या पाटाच्या शेवटच्या टोकाला पातेरा अडकला तर पाणी वरच्या बाजूला कडेने फुटतं ना, तसंच हे," हे त्यांचे वाक्य माझ्या सासूबाईंना, ज्या तोपर्यंत खुर्चीवर गप्प बसून होत्या, एका क्षणात पटले. तुंबलेल्या पाण्यात शेवाळ धरावे तसे साठलेल्या अश्रूंत जंतू वाढतात आणि पू होतो, हे पुढचे त्यांनी स्वतःच मला सांगितले.

मालिशचे शिक्षण हा या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग आहे. ही पद्धत क्रिगलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९२३ साली लिहून ठेवली आणि शंभर वर्षांनंतरही या दुखण्याचा पहिला उपचार तोच आहे. तिच्यामागचा विचार साधा आहे: अश्रुपिशवीची वरची वाट बोटाने बंद करायची आणि आतला द्रव खाली ढकलायचा, म्हणजे त्याचा दाब टोकाच्या पडद्यावर पडतो आणि पडदा फाटण्याची शक्यता वाढते. बोट नुसते गालावर गोल फिरवल्याने हा दाब तयार होत नाही. मॅडमनी सुरुवात माझ्या नखांपासून केली. त्यांनी हात पुढे करायला सांगितला, करंगळीचे नख पाहिले आणि नर्सला नेलकटर आणायला लावून ते तेथेच कापायला सांगितले. मग माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूवर आपले बोट टेकवून त्यांनी दाब दिला, इतका की त्यांच्या नखाखालची गुलाबी छटा जाऊन नख पांढरे झाले. "एवढा दाब हवा. याहून कमी दिलात तर उपयोग नाही, याहून जास्त दिलात तर बाळाला दुखेल." मी त्यांच्या मनगटावर तसाच दाब देऊन दाखवला. तो दोनदा कमी पडला आणि तिसऱ्या वेळी त्यांनी मान डोलावली.

त्यानंतर मुलीच्या डोळ्याकडे वळायचे होते. माझा पहिला प्रयत्न चुकला. मी बोट डोळ्याच्या कोपऱ्यापासून बरेच खाली, गालाच्या मऊ भागावर ठेवले होते. "हे गालाला मालिश झालं. बोट वर घ्या, हाड लागेल तिथे थांबा, आधी आत दाबा आणि मग दाब न सोडता नाकाच्या कडेने खाली ओढा." त्यांनी माझे बोट आपल्या बोटाखाली धरून दहा वेळा ती हालचाल करवून घेतली, दुसऱ्या डोळ्याला मी एकटीने केली. मग त्यांनी माझ्या यजमानांनाही करायला लावले, आणि शाळेची माझी रजा संपल्यावर मुलीजवळ दिवसा कोण असणार असे विचारून सासूबाईंकडूनही करवून घेतले. हात धुणे, नख कापलेले असणे, दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी दहा दाब, शक्यतो पाजताना, कारण तेव्हा बाळ शांत असते. आणि थेंब घालायचे असतील तर आधी मालिश करून, वर आलेली घाण पुसून मगच थेंब. थेंबांची बाटली त्यांनी लिहून दिली, पण पिवळा पू दिसेल त्या दिवसांपुरतीच. नुसते पाणी येत असताना प्रतिजैविक घालत राहू नये, असे त्यांनी दोनदा बजावले.

याच भेटीत त्यांनी कोणत्या वेळी थांबायचे नाही तेही सांगितले, आणि ते मी घरी कपाटाच्या दारावर लिहून ठेवले होते. आतल्या कोपऱ्याखाली लाल, गरम, दुखरी सूज आली आणि ताप असला तर अश्रुपिशवीत संसर्ग पसरला आहे असे समजून त्याच दिवशी, रात्र असली तरी, बाळाला दाखवायचे आणि तेव्हा मालिश करायचे नाही. नवजात बाळाला जन्मतःच तेथे निळसर फुगवटा दिसला तर तो साधा गळणारा डोळा नव्हे. असा फुगवटा नाकातही उतरलेला असू शकतो आणि तान्ही बाळे मुख्यतः नाकानेच श्वास घेत असल्याने श्वासाला अडथळा होऊ शकतो, म्हणून तेथेही वाट पाहायची नाही.

पुढच्या महिन्यांत आमचे घर या मालिशभोवती फिरत राहिले. सकाळचे आणि रात्रीचे मालिश माझ्याकडे, दुपारची दोन सासूबाईंकडे. त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. महिन्या-दीड महिन्याने आम्ही रत्नागिरीला जात होतो आणि प्रत्येक भेटीत मॅडम आधी मला मालिश करायला लावून हात तपासत, मग डोळा. जानेवारीत, मुलगी सात महिन्यांची असताना, डावा डोळा एका आठवड्यात बदलला. सकाळी चिपड नाही, पाणी नाही, आणि पुढच्या भेटीत रंगाचा थेंब पाच मिनिटांत नाहीसा झाला. उजवा मात्र हट्टी निघाला. चार दिवस बरा असे, सर्दी झाली की पुन्हा गळू लागे.

याच काळात नातेवाइकांचा आग्रह वाढला. कोणी कोल्हापूरला आंबा घाट चढून जाण्याचे सुचवले, तर मुंबईच्या एका नातलगांच्या बाळाची सळई सहाव्या महिन्यातच घातली होती, त्यामुळे आमचे डॉक्टर उगाच वेळ घालवत आहेत असे त्यांना वाटू लागले. मी हे मॅडमना स्पष्टपणे विचारले आणि त्यांनी जे उत्तर दिले त्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास दृढ झाला. त्या म्हणाल्या की दोन्ही पद्धती जगभर मान्य आहेत. काही ठिकाणी सहा ते नऊ महिन्यांच्या बाळाला कापडात गुंडाळून, पूर्ण भूल न देता, दवाखान्यातच सळई घालतात, आणि काही ठिकाणी वर्षापर्यंत थांबतात. अशा दहा बाळांपैकी सुमारे नऊ बाळांची नळी पहिल्या वाढदिवसापर्यंत आपोआप किंवा मालिशने उघडते. सहा महिन्यांनंतरही आशा सोडायची नसते, कारण अमेरिकेतील बालनेत्रतज्ज्ञांच्या एका संशोधन गटाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा ते दहा महिन्यांच्या बाळांचे बंद असलेले डोळे केवळ मालिश आणि लागल्यास थेंब यांवर ठेवले असता पुढच्या सहा महिन्यांत त्यांपैकी ६६ टक्के डोळे शस्त्रक्रियेशिवाय मोकळे झाले होते. "तुम्हाला आत्ता करून हवं असेल तर जिथे ती सोय आहे तिथली चिठ्ठी देते. मी असते तर वर्षापर्यंत थांबले असते." शस्त्रक्रिया केली तर रुग्णालयाला पैसे मिळतात आणि मालिश शिकवले तर दोनशे रुपयांच्या केसपेपरापलीकडे काही मिळत नाही, हे उघड असताना त्यांनी आम्हाला थांबण्याची बाजू इतक्या नीट समजावली, ही गोष्ट मी विसरणार नाही.

वर्ष पूर्ण झाले तरी उजवा डोळा गळतच होता, म्हणून जुलैमध्ये सळई घालण्याचे ठरले. येथे या सेवेची कमकुवत बाजू मला सविस्तर सांगितली पाहिजे.

लहान बाळाला पूर्ण भूल द्यावी लागते आणि रुग्णालयाचे स्वतःचे भूलतज्ज्ञ नाहीत. बाहेरचे येतात, आणि तेही महिन्यातून ठरावीक दोन दिवस. आम्हाला पहिली तारीख मिळाली त्या दिवशी वरचे खाणे सहा तास आधी, अंगावरचे दूध चार तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करायचे होते, कारण भुलीत पोटातले अन्न उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. पहाटे चारला मुलीला पाजून, मुसळधार पावसात रिक्षा ठरवून आम्ही साडेसातला रत्नागिरीत पोचलो. नऊ वाजता कळले की भूलतज्ज्ञांना रात्रीच दुसऱ्या रुग्णालयात तातडीच्या सिझेरियनला जावे लागले आहे आणि ते येणार नाहीत. त्यांचे जाणे योग्यच होते. तेथे दोन जीव होते. पण ते येणार नाहीत हे रुग्णालयाला सहा वाजताच समजले होते, असे काउंटरवरच्या मुलीच्या बोलण्यातून निघाले, आणि तरीही आम्हाला फोन केला गेला नाही. पाच तास उपाशी असलेली, आक्रोश करणारी मुलगी मांडीवर घेऊन मी तेथे बसले होते. एका फोनने हे टळले असते. मॅडमनी नंतर माफी मागितली आणि ती मनापासूनची होती, परंतु भुलीसाठी उपाशी ठेवलेल्या बाळांच्या पालकांना पहाटे फोन करण्याची जबाबदारी कोणा एका व्यक्तीवर सोपवलेली असावी, असा लेखी अर्ज मी दिला आहे.

पंधरवड्याने दुसरी तारीख मिळाली. बालरोगतज्ज्ञांनी छाती तपासून सर्दी-खोकला नसल्याची खात्री केली, आणि या वेळी भूलतज्ज्ञ आमच्याआधी आलेले होते. मुलीला आत नेण्यापूर्वी मॅडमनी पुन्हा एकदा उजव्या डोळ्यावर शाईची खूण केली आणि माझ्याकडून "उजवा" असे वदवून घेतले. आत काय केले ते त्यांनी आधीच सांगितले होते: पापणीचे छिद्र थोडे रुंद करायचे, त्यातून बोथट टोकाची बारीक धातूची सळई अश्रुपिशवीपर्यंत न्यायची, हाड लागले की तिची दिशा खाली वळवून नळीत उतरवायची आणि टोकाचा पडदा उघडायचा. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज नेत्रतज्ज्ञ बोमन यांच्या नावाने या सळया आजही ओळखल्या जातात. त्वचेवर कोठेही काप नाही आणि टाकाही नाही. दार बंद झाल्यापासून उघडेपर्यंत पंचवीस मिनिटे गेली, त्यांत प्रत्यक्ष काम दहा मिनिटांचे.

बाहेर आल्यावर मॅडमनी मला स्टीलच्या ट्रेमधली कापसाची गुंडाळी दाखवली. तिला मधोमध पोपटी डाग होता. पडदा उघडल्यावर त्यांनी पापणीच्या छिद्रातून रंग मिसळलेले सलाईन सोडले होते आणि ते नाकातून खाली आले होते. तो डाग नाकातला होता, डोळ्यातला नव्हता. वाट मोकळी झाल्याचा याहून सरळ पुरावा मला कोणी देऊ शकले नसते. "झालं, काळजी करू नका" असे म्हणून निघून जाता आले असते. त्या थांबल्या, आम्हाला दाखवले, आणि सासूबाईंनी चष्मा लावून तो डाग नीट पाहून होईपर्यंत ट्रे धरून उभ्या राहिल्या.

यश नक्की असल्याचे आश्वासन त्यांनी दिले नव्हते. पहिली सळई बहुसंख्य मुलांत पुरेशी ठरते, दहांत आठ-नऊ जणांत म्हणावे इतकी. पण पुन्हा गळू लागले तर काही आठवडे थांबून दुसऱ्यांदा प्रयत्न, त्या वेळी कदाचित नळीत काही काळ ठेवायची सिलिकॉनची बारीक ट्यूब किंवा नळी फुगवून रुंद करणारा फुगा, आणि तेही अपुरे पडले तर मूल मोठे झाल्यावर अश्रुपिशवी थेट नाकाशी जोडणारी शस्त्रक्रिया, असा पुढचा सगळा रस्ता त्यांनी आधीच सांगून ठेवला होता. ट्यूब घालण्याची सोय या रुग्णालयात नाही, त्यासाठी कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागेल, हेही त्यांनी लपवले नाही. आमच्यावर ती वेळ आली नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नाकातून एक-दोन वेळा गुलाबी पाणी आले, ते येईल हे आम्हाला सांगितलेले होते. आठवडाभर थेंब घातले. दहाव्या दिवशी सकाळी मी सवयीने वाटीत कोमट पाणी आणि कापूस घेऊन गेले तेव्हा मुलगी दोन्ही डोळे उघडून पाळण्यात बसली होती.

महिन्याने रंगाची तपासणी झाली आणि रंग पाच मिनिटांत गेला. त्यानंतर मॅडमनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून दोन्ही डोळ्यांचा नंबर तपासला. ज्या मुलांची अश्रुनळी बंद होती त्यांपैकी काहींत दोन डोळ्यांच्या नंबरात फरक आढळतो आणि तो वेळेवर लक्षात आला नाही तर एक डोळा आळशी राहण्याचा धोका असतो. आमच्या मुलीचा नंबर दोन्हीकडे जवळजवळ सारखा निघाला. गळणे थांबले की काम संपले, असे मानून बहुतेक पालक ही तपासणी टाळतात, आम्हीही टाळलीच असती. येथे ती रुग्णालयाने स्वतः फोन करून करवून घेतली.

खर्चाविषयी: सळईसाठी आम्हाला बारा हजार सांगितले होते आणि प्रत्यक्ष साडेचौदा हजार झाले. वाढलेले अडीच हजार रक्ततपासणी आणि भूलतज्ज्ञांची फी यांचे होते. रक्कम अवाजवी वाटली नाही, परंतु पहिला आकडा सांगतानाच त्यात काय आहे आणि काय नाही ते कागदावर द्यायला हवे. गावातून येणारा माणूस मोजून पैसे आणतो. ज्यांना हा खर्च झेपणार नाही त्यांनी अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला बाळ जरूर दाखवावे. २०१३ पासून चालू असलेल्या या सरकारी कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि गरजेप्रमाणे पुढच्या रुग्णालयात पाठवले जाते.

शेवटची तक्रार कागदाची आहे. मालिश इतके मन लावून शिकवणारे हे रुग्णालय घरी न्यायला जो छापील कागद देते तो पूर्णपणे इंग्रजीत आहे आणि त्यावर चित्रही नाही. मी शिक्षिका आहे, मला तो वाचता आला. पण दुपारची मालिशे करणाऱ्या माझ्या सासूबाईंना आणि बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या जयगडच्या त्या आईला त्याचा काय उपयोग? जिच्या हाताला मॅडमनी दाब शिकवला ती बाई घरी जाऊन आठ दिवसांनी "आधी आत की आधी खाली" असे विसरली तर विचारणार कोणाला? म्हणून मी आणि सासूबाईंनी मिळून एक पान मराठीत लिहिले: नख, हात धुणे, बोट कोठे, आधी आत मग खाली, दहा वेळा, दिवसातून चारदा, आणि खाली लाल पेनाने सूज व तापाची सूचना. माझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी त्यावर बाळाच्या चेहऱ्याचे आणि बोटाचे चित्र काढून दिले. मॅडमनी ते वाचून दोन शब्द दुरुस्त केले. मागच्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा ते पान त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली होते आणि काउंटरवर मात्र इंग्रजी कागदांचाच गठ्ठा होता. आमचे पान छापून तेथे ठेवावे, अशी विनंती मी अभिप्रायाच्या वहीत लिहून आले आहे आणि छपाईचा खर्च आम्ही देऊ असेही खाली लिहिले आहे.